भिंगऱ्यांना दिलेली माती

चैत्र लागला आणि भिंगऱ्या आल्या. पडवीसमोरच्या तारेवर रांगेने बसल्या, मग एकेक करून उडाल्या आणि अंगणाच्या दगडी गडग्यावरच्या एकाच जागेभोवती घिरट्या घालून परत तारेवर येऊन बसल्या. महेंद्र कोचरेकर हातात चहाचा कप घेऊन बघत होता. त्या काय शोधताहेत ते त्याला कळत होतं आणि त्यामुळेच चहा तसाच निवत होता.

त्या जागी दर वर्षी त्याची बायको नूतन चिखलाचं घमेलं ठेवायची.

त्यांची वाडी सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर होती. होळी उलटली की सड्यावर मूठभरसुद्धा ओल राहत नसे. भिंगरीला मात्र घरटं बांधायला ओला चिखलच लागतो. चोचीत मावेल एवढा गोळा आणायचा, छताला चिकटवायचा, की परत जाऊन दुसरा आणायचा. असं करत करत ती छताला उलटी सुरई टांगल्यासारखं घरटं करते. बाजूला एक निमुळती मान आणि आत जायला तेवढीच वाट. नूतन सकाळी उतारावरून खालच्या ओढ्यात, वहाळात जाई, बालदीभर गाळ आणी आणि तो दिवसभर शिंपून ओला ठेवी. प्रत्येक घरट्याखाली तिने एकेक फळी ठोकली होती, म्हणजे विष्ठा खाली पडू नये. महेंद्र तिला चिडवायचा, "तुझे भाडेकरू आले बघ. डिपॉझिट तरी घे." पण एकदाही तो तिच्याबरोबर वहाळात उतरला नव्हता. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी अंगण झाडताना ती खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. आता घमेलं पडवीच्या कोपऱ्यात उपडं पडून होतं.

"काय रे मयंद्रा," शेजारचे बाबलकाका गडग्यापलीकडून ओरडले, "नूतनीचे पाव्हणे इले मा? घमेला खय हा?"

"वहाळ आटलो हा काका. चिकल खयसून हाडू?"

"ता तू बघ. चिकल मागतत ती, सोना नाय." काका बिडी पेटवायला खाली वाकले. "ती असती तर ह्या येळेक घमेला भरला असता."

काका वाईट बोलले नव्हते. पण ते वाक्य महेंद्रबरोबर कामावर गेलं. दुपारी पुण्याहून ऋतिकाचा फोन आला. बापलेकीचं बोलणं अलीकडे जेवण, औषधं आणि हवा यापलीकडे जात नसे. आज मात्र तिने पहिल्यांदाच आईचा विषय काढला.

"बाबा, आईचे पक्षी आले का?"

"आलेत."

"बांधायला लागले?"

"लागतील आता." तो म्हणाला. तिच्या आवाजातला उत्साह त्याला मोडवेना.

महेंद्रची नोकरी किनाऱ्यावरच्या कारखान्यात होती. देशातल्या सगळ्या गाड्या विजेवर चालायला लागून बरीच वर्षं झाली होती. अशा प्रत्येक गाडीच्या मोटारीत जोरदार लोहचुंबक लागतं आणि त्याचे धातू मिळतात समुद्राकाठच्या काळ्या वाळूत. पण त्याच वाळूत थोरियम असतं आणि थोरियमच्या पाठोपाठ रेडियम येतं. वाळू धुतली की ते रेडियम पाण्यात उतरतं. हे पाणी सोडायचं कुठे, या प्रश्नावर असे कारखाने पूर्वी अडून राहत. मग एका प्रयोगशाळेने एक जीवाणू तयार केला. तो पाण्यात चिकट धागे सोडतो, त्या धाग्यांना रेडियम चिकटतं, धागे मातीच्या कणांना धरतात आणि सगळं हळूहळू तळाला बसतं. वर राहतं ते पाणी गावातल्या विहिरींपेक्षा स्वच्छ. कामगार त्या गाळाला खळ म्हणत, कारण तो हाताला कपड्याच्या खळीसारखा लागायचा. त्या खळीच्या तळ्यावर महेंद्र ऑपरेटर होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाला गाळाचा पट्टा उघडा पडे. तो दिसला की वरून पाणी सोडायचं. तळ्याभोवती चमकत्या फिती बांधलेल्या होत्या. वाऱ्यावर त्या फडफडत आणि पाखरं फारशी फिरकत नसत.

खळ फाटकाबाहेर नेता येत नाही, हा नियम त्यानेच नव्या पोरांना शिकवला होता. फाटकावर यंत्र होतं. कुणाच्या बुटाला जरी गाळ लागलेला असला तरी ते ओरडे. पण बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पोचवायचं काम महेंद्रकडे होतं. त्यासाठी शिशाचं अस्तर लावलेली पेटी होती. शिशातून किरणं बाहेर पडत नाहीत, त्यामुळे पेटीपुढे ते यंत्र गप्प बसे.

त्या संध्याकाळी त्याने पेटीत नमुन्याची बाटली ठेवली आणि उरलेली जागा खळीने भरली.

आपण करतोय ते चूक आहे हे त्याला माहीत होतं. पण किती चूक, याचा हिशोबही त्याने केला होता. एवढ्याशा गाळाजवळ माणूस दिवसभर बसला तरी छातीच्या एक्स-रेइतकाही त्रास व्हायचा नाही. घमेलं तर गडग्यावर, उघड्या हवेत. जवळपास लहान मूल नाही. माणसाचा हिशोब त्याने दोनदा तपासला. पाखराचा हिशोब कुठल्याच नियमात नव्हता, म्हणून तो त्याला सुचलाच नाही.

घमेलं भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी भिंगऱ्या त्यावर तुटून पडल्या.

नूतनच्या मातीचे गोळे कधीकधी सुकून गळायचे. ही खळ गळत नव्हती. धागे छताला धरून बसत आणि एकदा लावलेला गोळा जागचा हलत नसे. एरवी पंधरा-वीस दिवस चालणारं बांधकाम आठवड्यात उरकलं. जाडजूड, गुळगुळीत सुरया पडवीच्या स्लॅबला लटकू लागल्या. महेंद्रने व्हिडिओ काढून ऋतिकाला पाठवला. तिचा लगेच फोन आला, आणि ती रडत होती.

"बाबा, तुम्ही केलंत हे? तुम्ही स्वतः माती आणलीत?"

"हो."

"आईला किती आवडलं असतं!"

त्या दिवशी ते दोघं नूतनबद्दल पोटभर बोलले. ती पाखरांना 'बायो' म्हणून कशी हाक मारायची, घरट्याखालच्या फळ्या ठोकताना अंगठ्यावर हातोडी मारून घेतल्यावर कशी हसत सुटली होती. फोन ठेवल्यावर महेंद्रला कितीतरी महिन्यांनी भूक लागली. घमेलं रिकामं झालं तेव्हा त्याने पेटी पुन्हा भरून आणली. मग आणखी एकदा.

वैशाख लागताच तळ्यावर एक वेगळीच गोष्ट दिसली. चमकत्या फिती फडफडत असतानाही भिंगऱ्या काठाच्या पट्ट्यावर उतरत होत्या. आधी चार-पाच होत्या, नंतर थवेच यायला लागले. जी माती त्यांना एकदा गोड लागली होती, ती कुठे मिळते ते त्यांनी शोधून काढलं होतं. वरून पाणी सोडून पट्टा बुडवायचं काम महेंद्रचं होतं, पण त्या महिन्यात पाण्याची कपात होती आणि झडप रोज उघडायला साहेबांची परवानगी मिळत नव्हती. त्यानेही ती फार जोर लावून मागितली नाही. खरं सांगायचं तर पाखरं आपल्या कामाच्या ठिकाणीही येतात, याचं त्याला बरंच वाटलं होतं.

वैशाखाच्या मध्यावर रुमाना मुकादम आली. राजापूरची मुलगी, पक्षीशास्त्रात डॉक्टरेट केलेली. किनारपट्टीवरच्या भिंगऱ्यांच्या पायात कडी घालून ती त्यांचा अभ्यास करत असे. नूतन तिला दर वर्षी आपल्या पडवीतल्या घरट्यांची खबर कळवायची, त्यामुळे घरी येणं-जाणं होतं. नूतन गेल्याचं कळल्यावर ती भेटूनही गेली होती. आज मात्र ती सरळ पडवीच्या छताकडे बघत आत आली.

"काका, शिडी आहे का? आणि चहा नंतर, प्लीज."

तिने एका जाळीने एक मादी अलगद पकडली, मुठीत धरली आणि महेंद्रला दाखवली. गळ्याखाली, जिथे पिसं तपकिरी रेघांची असायला हवी होती, तिथे पांढरा डाग होता. शेपटीच्या दोन लांब काड्यांपैकी एक आखूड होती.

"अशी मला दिसली ते हे तिसरं गाव," रुमाना म्हणाली. "आधी वाटलं, एखादी असते अशी. आता तसं वाटत नाही."

तिने एक पीस काढून डब्याएवढ्या यंत्रात घातलं. हे यंत्र नवीनच निघालं होतं. रुमानाने ते पुरं समजावून सांगितलं, कारण समजावून सांगणं हा तिचा स्वभाव होता. पीस रोज थोडं थोडं वाढतं आणि रोजच्या वाढीची एक फिकट रेघ त्यात राहते. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षं दिसतात, तसे पिसात दिवस दिसतात. त्या त्या दिवशी पाखराच्या रक्तात जे काही होतं ते त्या रेघेत अडकून बसतं. आजवर ते वाचता येत नव्हतं. आता यंत्र एकेक रेघ वाचून सांगतं.

पडद्यावर आलेख उमटला. महेंद्रला त्यातलं सगळं कळलं नाही. पण 'रेडियम' हा शब्द त्याला वाचता येत होता.

"अंडी घालायच्या दिवसांत मादीला कॅल्शियमची भूक असते," रुमाना बोलत होती. "आणि शरीराला रेडियम कॅल्शियमसारखंच वाटतं. चिखल चोचीतून वाहताना थोडा पोटात जातो. मग तो हाडात, तिथून अंड्याच्या कवचात. पण खरी भीती मला पिल्लांची आहे." तिने वर बोट केलं. "रेडियम फुटत जातं तेव्हा त्यातून थोरॉन नावाचा वायू निघतो. त्यातला निम्मा मिनिटभरातच संपतो. म्हणून उघड्यावर तो कुणाला बाधत नाही. नाकापर्यंत पोचायच्या आत विरतो. पण हे घरटं बंद आहे काका, सुरईसारखं. भिंतीतून वायू सुटणार तो थेट आतच, पिल्लांच्या तोंडाशी. त्यांना पळायला जागा नाही."

महेंद्रने शिडीचा दांडा घट्ट धरला.

"खळीच्या तळ्यावर उतरतात हे मी पाहिलंय," ती म्हणाली. "पण तळं चार वर्षांपासून आहे. इतकी वर्षं त्या तिकडे फिरकल्यासुद्धा नाहीत. मग याच वर्षी का? तुम्ही तिथे रोज असता. तुम्हाला काही वेगळं दिसलं का? पाणी बदललं, वास बदलला, काहीही?"

गडग्यावर घमेलं होतं. रिकामं, धुऊन ठेवलेलं. रुमानाची पाठ त्याच्याकडे होती.

"नाही," महेंद्र म्हणाला. "मला तर काही दिसलं नाही."

पुढच्याच आठवड्यात कारखान्याच्या देवस्थळी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब वाईट माणूस नव्हते. कागद हातात असेल तेवढंच बोलणारे होते.

"मॅडम, तुमच्या घरट्यांखाली आम्ही मोजून आलो. माणसाला धोका नाही. मर्यादेच्या शंभराव्या भागाइतकंसुद्धा नाही."

"मी माणसाचं बोलतच नाहीये, सर."

"नियम माणसांसाठीच आहेत. भिंगरीची मर्यादा किती, ते मला कुठल्या पुस्तकात दाखवा, मी आत्ता तळं बंद करतो." मग जरा नरमून ते म्हणाले, "हे पहा, उपाय सुचवा. आम्ही करू."

रुमानाला कारण माहीत नव्हतं, म्हणून तिने अंदाज केला. उन्हाने त्या जीवाणूचा वास बदलत असावा आणि पाखरं त्या वासाला येत असावीत, असं तिला वाटलं. तो वास दबवणारं एक कडू औषध काठावर फवारायचं ठरलं. औषध मागवायला दिवस गेले, फवारायला गेले, परिणाम दिसतो का याची वाट पाहण्यात गेले. भिंगऱ्या त्या कडू चिखलावरही उतरत राहिल्या. त्या वासाला येतच नव्हत्या. ही माती गळत नाही हे त्या कुठेतरी शिकून आल्या होत्या. कुठे, ते बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात बसलेल्या एकाच माणसाला ठाऊक होतं. फवारणीचा पंप खांद्यावर घेऊन तळ्याभोवती फिरायचं कामही त्याच्याकडेच आलं. रोज तो मनात म्हणे, आज सांगतो. रोज संध्याकाळी ऋतिकाचा फोन येई, "पिल्लं बाहेर आली का?" आणि सांगायचं राहून जाई. ती आता रोज फोन करत होती. नूतन होती तेव्हाही ती एवढी बोलत नव्हती.

पिल्लं बाहेर आली ती एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमाराला.

पहिलं घरट्याच्या मानेतून डोकावलं, पंख पसरले आणि सरळ समोरच्या खांबावर जाऊन आदळलं. महेंद्रला वाटलं, नवखं आहे. दुसरं पडवीच्या फरशीवर उतरलं आणि तिथेच गोल गोल फिरायला लागलं. आई चोचीत किडा घेऊन त्याच्या पुढ्यात आली, चिवचिवली. पिल्लाने आवाजावर चोच उघडली, पण भिंतीकडे तोंड करून. आई वळून भिंतीच्या बाजूला आली तेव्हा ते पुन्हा फिरलं. महेंद्र गुडघ्यावर बसला, त्याने ते ओंजळीत उचललं. डोळ्यांत काळं काहीच नव्हतं. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झाले होते.

तारेवर मोठ्या भिंगऱ्या कालवा करत होत्या. घरट्यांतून आणखी पिल्लं बाहेर येत होती. काही नीट उडाली. बरीचशी उडाली नाहीत.

बाबलकाका गडगा ओलांडून आले. वाकून फरशीवरचं एक पिल्लू त्यांनी निरखून पाहिलं.

"आंधळी झाली रे ही."

"होय."

"कित्याक?"

महेंद्रने पिल्लू ओंजळीत झाकून घेतलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग गडग्याकडे, मग परत त्याच्याकडे. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि आयुष्यभर गवंडीकाम केलेले. त्यांच्या नजरेतून माती सहसा सुटत नसे.

"तू जी माती हाडलंस," ते सावकाश म्हणाले, "ती वहाळातली नव्हती. मी तेवाच बघितलंय, तिचो रंग येगळो होतो. म्हटलं, बायलेच्या मागे बिचारो करता हा कायतरी, कशाक इचारा."

"इचारूक होया होतास काका."

"मी?" काकांचा आवाज चढला. "आता माझ्यार ढकलतंस?"

ते वळून चालते झाले. महेंद्र पिल्लू ओंजळीत घेऊन तसाच बसला. काकांना ते वाक्य आपण का बोललो, हे त्याला कळत होतं. दोष घ्यायला दुसरं कुणी तरी मिळालं तर बघत होता तो.

दुपारी ते पिल्लू त्याच्या हातातच मेलं. मग त्याने रुमानाला फोन केला.

ती आली, पडवीच्या पायरीवर बसली आणि त्याने सांगितलेलं सगळं ऐकून घेतलं. पेटी, घमेलं, तीन खेपा. मध्ये एकदाही तिने त्याला थांबवलं नाही.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काका. याच पडवीत."

"होय."

"तेव्हा सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी चार ठिकाणी स्वच्छ चिखल मांडला असता. काठ झाकून घेतला असता. तेव्हा अर्धी घरटी बांधायची होती. वास, वास म्हणून मी वेड्यासारखी औषधं फवारत बसले आणि तो पंप तुमच्या खांद्यावर होता." तिचा आवाज हळू होता, त्यामुळे ते जास्त लागलं. "सात गावांत आहेत आता ही घरटी. नूतनकाकी मला सांगायच्या, आमचे हे भाडेकरूंवरून चिडवतात म्हणून. मी म्हणायचे, काका मनाचे चांगले आहेत."

"काय करायचं आता?"

"फोडायची. सगळी. भिंगरी जुनंच घरटं डागडुजी करून वापरते. ठेवली तर पुढची अंडीही त्यातच." ती उठली. "पण आत अजून काही पिल्लं आहेत."

"त्यांचं?"

रुमानाने आपल्या पिशवीतून हातमोजे काढले आणि एक जोड त्याच्यापुढे धरली.

सुरया फुटता फुटत नव्हत्या. नूतनच्या मातीचं घरटं बोटाने दाबलं तरी खचायचं. या खळीवर छिन्नी लावावी लागली. महेंद्र शिडीवर होता. प्रत्येक घावाला तारेवरचा कालवा वाढत होता आणि भिंगऱ्या त्याच्या कानाजवळून सुळकन जात होत्या. आत सापडलेली पिल्लं तो एकेक करून खाली देत होता. रुमाना ती बघायची, डोळ्यांवर बारीक दिवा धरायची आणि डावीकडच्या किंवा उजवीकडच्या खोक्यात ठेवायची. उजवीकडच्या खोक्यात थोडीच होती. डावीकडच्या खोक्यावर तिने झाकण लावलं आणि ते घेऊन ती घराच्या मागे गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. शेवटी नूतनने ठोकलेल्या फळ्याही काढाव्या लागल्या, कारण त्यांच्यावर खळीचा चुरा पडला होता.

संध्याकाळी ऋतिकाचा फोन आला. त्याने तिला आडपडदा न ठेवता सांगितलं. मध्येच तिला वाटलं की तो कुणा दुसऱ्याबद्दल बोलतोय.

"कुणी आणली ती माती?" तिने विचारलं.

"मी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माणसाचं माहीत होतं. पाखराचा विचार नाही केला."

ती म्हणाली, "आईने फक्त पाखराचाच विचार केला असता, बाबा." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन रोज यायचा थांबला. आठवड्याला यायचा, जेवण, औषधं, हवा.

कारखान्यातून महेंद्रला काढून टाकलं. चौकशी झाली, शिशाच्या पेट्यांना नवे नियम लागले. देवस्थळी साहेबांनी तळ्यावर पक्कं छप्पर घालायचं मंजूर करून घेतलं. रुमानाने सात गावांतली घरटी फोडली आणि प्रत्येक गावात स्वच्छ चिखलाची जागा केली. पण छप्पर घालायला दोन उन्हाळे लागणार होते, आणि तळं इतकं मोठं होतं की जाळी पहिल्याच वाऱ्यात फाटली. जी पाखरं शिकली होती ती विसरली नव्हती. तळ्याकाठी माणूसच उभा करायला हवा होता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत उन्हात उभं राहून पाखरं हाकलणारा माणूस. ते काम साहेबांनी रुमानावर सोपवलं; तिने दोघे ठेवले, दोघेही पळाले.

पुढच्या चैत्राच्या तोंडावर महेंद्र रुमानाच्या दारात गेला.

"मला ठेवा."

"तुम्ही?" ती दारातच उभी होती. आत या म्हणाली नाही. "काका, भिंगऱ्या चेहरा ओळखतात. तुम्हाला बघून त्या लांब जायच्या नाहीत. जवळ येतील."

"येऊ देत. माझ्याकडूनच घाबरायला शिकल्या तर कायमचं शिकतील."

रुमानाने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस शिक्षा मागतोय की काम, याचा अंदाज घेत असावी. शेवटी ती म्हणाली, "सोमवारपासून."

चैत्रात तो पत्र्याचा डबा आणि काठी घेऊन तळ्याकाठी उभा राहिला. पहिल्याच सकाळी थवा आला. त्याने डबा बडवला, ओरडला, "हाऽऽ! हाऽऽ!" थवा वर उठला, त्याच्या डोक्यावरून एक फेरी मारली, आणि मग रुमाना म्हणाली होती तसंच झालं. त्यांनी त्याला ओळखलं. कालवा थांबला आणि त्या खाली यायला लागल्या. गाळाकडे नव्हे, त्याच्याकडे. एक तर त्याच्या बुटापासून हातभरावर उतरली. तिने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिलं. त्याने डबा बडवला, ती हलली नाही. काठी जमिनीवर आपटली, ती जरा सरकली आणि परत तिथेच आली. या माणसाकडे चांगली माती असते, एवढंच तिला ठाऊक होतं.

"जा ना गं बायो," तो म्हणाला.

ती गेली नाही. तिच्या मागोमाग दुसरी उतरली.

महेंद्रने वाकून दगड उचलला. पाखरावर दगड त्याने जन्मात कधी टाकला नव्हता. त्याने नेम धरला, तिला लागणार नाही पण तिला वाटेल की लागला असता, असा, आणि फेकला. चिखल उडाला. सगळा थवा एकदम उठला आणि या वेळी लांब, सड्यापर्यंत गेला.

थोड्या वेळाने त्या परत यायला लागल्या. त्याने दुसरा दगड हातात घेतला.